जुन्या काळातलं नाटक: कपडे, खुर्च्या आणि दारं एकत्र का बघायची

तिसरी_घंटा

जुन्या काळातलं नाटक बसवायला घेतलं की कामाची वाटणी बहुतेक ठरलेली असते. नेपथ्यकार इमारतींची पुस्तकं उघडतो, वेशभूषावाले चित्रं जमवायला लागतात आणि फर्निचर कुणाच्याच यादीत नसतं. ते शेवटच्या आठवड्यात 'जरा जुनाट दिसेल असं' बघून गोळा होतं. मग रंगीत तालमीला नायिका पहिल्यांदा पूर्ण पोशाखात येते, दारात अडकते, कशीबशी आत येते आणि खुर्चीपाशी थबकते. दिग्दर्शक खालून ओरडतो, "बस ना!" बसणार कशी? खुर्चीच्या दोन हातांमध्ये तो झगा मावतच नाही.

माझ्या मते हे तीन विषय नाहीतच. त्या काळातलं शरीर किती जागा अडवायचं, कसं बसायचं, दारातून कसं जायचं हे कळलं की कपडा, खुर्ची आणि दार तिन्ही आपोआप जुळायला लागतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीचं इंग्लंड घ्या. एलिझाबेथ राणीच्या शेवटच्या वर्षांत बायकांच्या घागऱ्याखाली चाकासारखं आडवं कडं असायचं, त्याला फार्दिंगेल म्हणतात. पुढे १६००च्या सुमारास तिथे बिनहातांच्या, गादी बसवलेल्या, पाठीला ताठ खुर्च्या दिसायला लागतात. 'फार्दिंगेल खुर्ची' हे नाव त्यांना मागाहून, एकोणिसाव्या शतकात चिकटलं. पण त्या खुर्चीवर असा घेर घेऊन बसता येतं हे खरं. गळ्यात स्टार्च केलेली चक्राकार झालर, म्हणजे रफ, असेल तर मान खाली घालून कुजबुजणं जमत नाही. दोन पात्रांनी कानात बोलायचा प्रसंग असेल तर ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं राहणार ते, आधीच बदलून ठेवा.

आता अठराव्या शतकातला फ्रान्स. कमरेच्या दोन्ही बाजूंना पॅनिए, म्हणजे पिंजऱ्यासारखे सांगाडे, बांधून झगा आडवा पसरलेला, दरबारी पोशाखात तर दीड मीटरपर्यंत. पुढून बघितलं तर भिंत, बाजूनं बघितलं तर पातळ. त्याच काळात पंधराव्या लुईच्या शैलीतल्या खुर्च्यांचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपासून मागे सरकले, म्हणजे झगा पुढे मोकळा पसरतो. मोठ्या दालनांची दारं दोन झडपांची, उंच. पॅनिए घातलेल्या बाईच्या एंट्रीला नोकरानं दोन्ही झडपा उघडल्या की ती एंट्री कशी दिसते बघा! एका झडपेच्या दारातून तीच बाई तिरकी होऊन आली की विनोदी दिसते. विनोद हवा असेल तर जरूर करा, पण तो ठरवून झालेला असावा.

चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय. इतरांनी भर घालावी.

---

शंकासूर

वाचनखूण साठवली. पण घंटाराव, मूळ अडचण अशी की नवख्याला लुई चौदावा, पंधरावा आणि सोळावा यातला फरकच कळत नाही. तिन्ही सोनेरी, तिन्ही नक्षीदार. प्रेक्षकालाही कळत नसणार. मग कशाला डोकं खपवायचं?

---

रंधा

शंकासूर, सगळी नक्षी विसरा, फक्त पाय बघा.

चौदाव्याच्या काळी (राज्य १६४३ ते १७१५) खुर्ची म्हणजे वजनदार प्रकरण. उंच ताठ पाठ, जाड पाय आणि ते पाय खाली एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, कधी 'एच' आकारात तर कधी फुलीसारख्या. पंधराव्याच्या काळी पायाला बाक येतो, गुडघ्याशी फुगतो, खाली निमुळता होतो आणि पट्ट्या गळून पडतात. अख्ख्या खुर्चीत सरळ रेष शोधूनही सापडत नाही. सोळाव्यापाशी पाय पुन्हा सरळ होतो, पण आता बारीक, खाली निमुळता, अंगावर उभ्या खोबणी कोरलेल्या. ग्रीक-रोमन खांबाची लहान आवृत्तीच.

का झालं तर ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं, १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं आणि १७४८ मध्ये पॉम्पेईचं, उत्खनन सुरू झालं आणि प्राचीन रोमची हवा युरोपभर पसरली. ती हवा राजाच्या मरणाची वाट बघत थांबली नाही. 'सोळावा लुई' म्हणतात ती शैली पंधरावा लुई जिवंत असतानाच, १७६०च्या दशकात रुजली होती. तेव्हा १७६८ सालच्या नाटकात एखादी सरळ पायांची खुर्ची दिसली तर समीक्षकांनी लगेच लेखणी उपसू नये.

प्रेक्षकाला फरक कळतो का? नाव सांगता येणार नाही, पण वक्र आणि सरळ यातला फरक पंधराव्या रांगेतूनही डोळा टिपतो. आणि ज्या दालनात सगळं वळणदार आहे तिथे पात्र सरळ रेषेत चालत गेलं तर ते उद्धट वाटतं. हे दिग्दर्शकाला सांगून बघा, लगेच वही काढेल.

---

उसवलेली_टीप

रंधादादांना +१. कपड्यांच्या बाजूनं माझं एक आवडतं भांडण इथे उकरते.

इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' कोपनहेगनला पहिल्यांदा झालं २१ डिसेंबर १८७९ला. कुणी करायला घेतलं की त्याच्या नायिकेला, नोराला, हमखास मागे मोठा फुगवटा असलेला बसल देतात, कारण 'व्हिक्टोरियन काळ म्हणजे बसल' असं डोक्यात बसलंय. बसलच्या दोन लाटा होत्या. पहिली साधारण १८६९ ते १८७६ आणि दुसरी १८८३ नंतर, तीही जेमतेम दशक संपेपर्यंत. नोरा नेमकी मधल्या फटीत आहे. तेव्हाचा पोशाख अंगाला चिकटलेला, चोळी पार कमरेखालपर्यंत घट्ट उतरणारी, घागरा पुढून सपाट. आतून नाड्यांनी मागे बांधलेला असल्यामुळे गुडघ्यांना जेमतेम मोकळीक. सगळा घेर मागे, जमिनीवर लोळणारा.

याचा अभिनयावर परिणाम बघा. लांब पाऊल टाकता येत नाही. खुर्चीत मागे रेलता येत नाही, कडेवर बसावं लागतं. आणि इब्सेननं त्या खोलीत डोलखुर्चीसुद्धा मांडून ठेवली आहे! सतत लगबग करणारी, घरभर बागडणारी बाई, आणि तिचे गुडघे बांधलेले. नाटकात जे म्हटलंय तेच कापडानं सांगितलंय. मग ती नाचाचा पोशाख चढवते, आणि शेवटी तो उतरवून रोजच्या कपड्यांत बाहेर येते. हा बदल संहितेतच आहे, नवरा तो बोलूनही दाखवतो. आधीच्या पोशाखाचा आवळलेपणा प्रेक्षकानं पाहिला नसेल तर या बदलातली निम्मी जान गेली.

बसल दिला तर काय होतं? बाई भारदस्त दिसते. नोरा भारदस्त नाही हो!

---

शंकासूर

टीपताई, म्हणजे खोलीसुद्धा १८७९ सालचीच करायची का? सगळ्या वस्तू त्याच वर्षाच्या?

---

तिसरी_घंटा

अजिबात नको. कपडे नाटकाच्या सालाचे, फर्निचर त्याआधीच्या दहा-वीस-पन्नास वर्षांचं, आणि इमारत त्याहून जुनी. श्रीमंत आणि नव्यानं पैसा आलेलं घर असेल तरच तिन्ही एका वयाची, आणि तसं केलं की प्रेक्षकाला न सांगता कळतं की हा पैसा ताजा आहे.

चेखॉवचं 'द चेरी ऑर्चर्ड' (मॉस्को, जानेवारी १९०४) आठवा. घरमालकिणीचा भाऊ गायेव चक्क पुस्तकांच्या कपाटाला उद्देशून भाषण ठोकतो, कारण ते कपाट शंभर वर्षांचं झालंय. म्हणजे ते १८०४च्या आसपासचं. नेपोलियनच्या काळची एम्पायर शैली तेव्हा बहरात होती: सपाट मोठे पृष्ठभाग, गडद लाकूड, कडक सममिती, मोजकं पितळी काम. बाजूला १९०४ सालचे, कंबर घट्ट आवळून पुढे झुकलेल्या चोळ्यांतले लोक उभे करा. कपाट त्या सगळ्यांपेक्षा ताठ उभं आहे. त्या जागी विसाव्या शतकातलं वेलबुट्टीचं कपाट ठेवलं तर भाषण नुसतं वेडगळ वाटेल. जुनं, सरळ कपाट ठेवलं तर वेडगळही वाटेल आणि पोटात कालवेलही.

म्हणून नेपथ्याच्या टिपणात प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: ती कधी बनली, आणि या घरात कुणी आणली.

---

रिकामा_रंगमंच

मला हा सगळा खटाटोप पटत नाही. अचूकतेचं हे खूळ रंगभूमीला फार उशिरा लागलेलं आहे. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मधला प्रसंग दाखवणारं १५९५च्या आसपासचं एक रेखाचित्र उपलब्ध आहे. त्यात टायटस रोमन वाटावा अशा पोशाखात आणि शेजारचे शिपाई सरळ सरळ एलिझाबेथकालीन. त्याच्याच 'ज्युलियस सीझर'मध्ये घड्याळाचे टोले पडतात, रोममध्ये! अठराव्या शतकात इंग्लिश नट गॅरिक मॅकबेथ करायचा तो आपल्या काळच्या लष्करी कोटात. कुणाचं काय अडलं? एक चौथरा, एक स्टूल आणि चांगला नट द्या. फार्दिंगेल संग्रहालयात शोभतं.

---

तिसरी_घंटा

रिकामा, मुद्दा चांगला आहे, पण तुमचीच उदाहरणं नीट बघा. त्या चित्रात नायकाला रोमन काढलंय आणि शिपायांना नाही. कुणाला काळाबाहेर न्यायचं आणि कुणाला प्रेक्षकाच्या शेजारी ठेवायचं, ही निवडच झाली की.

आणि अचूकतेची ओढ अगदी जर्मनीतल्या मेनिंगेनच्या ड्यूकपासून आणि त्याच्या नाटकमंडळीपासून सुरू झाली असं नाही. पॅरिसमध्ये १७५५ला व्हॉल्तेरच्या चीनवरच्या नाटकात नटी मादमोझेल क्लेरों पॅनिए न घालता रंगमंचावर आली. शोकांतिकेतली राणी आणि कमरेला पिंजरा नाही, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. १८२३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनला 'किंग जॉन' झालं, त्याची वेशभूषा प्लांशे नावाच्या नाटककारानं कबरींवरचे पुतळे, शिक्के आणि हस्तलिखितांतली चित्रं बघून केली. नट वैतागले होते. सपाट माथ्याच्या शिरस्त्राणांना ते पातेली म्हणत होते, आपलं हसं होणार अशी त्यांची खात्री होती. पडदा उघडला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मेनिंगेनच्या मंडळीनं (त्यांचे दौरे १८७४ ते १८९०) यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. कपडे आणि हत्यारं सुरुवातीच्या तालमींपासूनच नटांच्या अंगावर. मला अचूकतेपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. चौथरा आणि स्टूलवर नाटक करा, हरकत नाही. पण नटाचं शरीर १६७० सालचं आहे की आजचं, हे ठरवूनच करा. १९२५ मध्ये लंडनला 'हॅम्लेट' त्या वेळच्या चालू कपड्यांत झालं तेव्हा तोही निर्णयच होता, सोयीचा भाग नव्हता.

---

रिकामा_रंगमंच

हं. 'शरीर कुठल्या सालचं' हे मान्य. पातेल्यांचा किस्सा माहीत नव्हता.

---

काळोखातला_स्पॉट

प्रकाशाबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून घुसतो.

सोनेरी मुलामा, आरसे, रेशमाची चमक, झुंबरातले लोलक हे सगळं मेणबत्तीसाठी होतं. उजेड तुटपुंजा, म्हणून जो आहे तो परतवून वापरायचा. कोरीव कडेवर एक हलती सोनेरी रेघ उमटावी एवढंच त्या मुलाम्याचं काम. तेच फर्निचर समोरून सपाट, पांढऱ्या, भरपूर उजेडात ठेवलं की लग्नाच्या स्टेजसारखं दिसतं आणि दोष जातो बिचाऱ्या नेपथ्यकाराला. सतराव्या-अठराव्या शतकातल्या दालनात उजेडाचा उगम खाली ठेवा, बाजूला ठेवा, छताचा कोपरा अंधारात जाऊ द्या. तेलाचा आर्गां दिवा १७८०च्या दशकातला, त्यानंतर टेबलाभोवती माणसं गोळा होऊन वाचतात, शिवतात हे पटण्यासारखं होतं. त्याआधीच्या नाटकात रात्री खोलीच्या चार कोपऱ्यांत चार जण काहीतरी बारीक काम करत बसलेत हे बघितलं की माझा हात उजेड कमी करायच्या डिमरकडे जातो.

रंगांचंही तेच. पर्किननं १८५६ला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला आणि त्यानंतर भडक, स्वस्त कृत्रिम रंगांची रांग लागली. १८४० सालच्या साध्या घरातल्या मुलीला विजेसारखा झगझगीत जांभळा झगा दिला की दिव्यापुढे लावायच्या माझ्या रंगीत जेलला काही काम उरत नाही.

---

रंधा

स्पॉटराव, खिडक्यांचंही सांगून टाकतो, कारण तुमचा अर्धा उजेड तिथूनच येतो.

इंग्लिश खिडकी बघून घराचं वय अंदाजे सांगता येतं. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले बारीक काचतुकडे आणि बिजागरीवर बाहेर उघडणारी झडप म्हणजे ट्यूडर किंवा स्टुअर्ट. वर-खाली सरकणारी सॅश खिडकी सतराव्या शतकाच्या शेवटी येते. सुरुवातीला तिच्या काचांमधल्या लाकडी पट्ट्या चांगल्या जाड असतात, अठराव्या शतकभर त्या बारीक होत जातात. काचेवरचा कर १८४५ला आणि खिडक्यांवरचा १८५१ला उठला, मोठ्या काचाही परवडायला लागल्या, मग खिडकीत दोन-चारच तावदानं.

फ्लॅटवर (कापड ताणलेल्या चौकटीवर) खिडकी रंगवताना किंवा गोबो (दिव्यात घालायची, आकार कापलेली चकती) कापताना हे लक्षात ठेवलं तर जमिनीवर पडणारी सावलीच काळ सांगते. पट्टीची जाडी बदलायला फारसं कष्टाचं काम नाही, पण बहुतेक जण एकच ठरावीक चौकट सगळ्या शतकांना लावतात.

---

उसवलेली_टीप

गालिच्याचंही घ्या. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत, व्हर्मेअरच्या खोल्यांत वगैरे, तो महागडा पूर्वेकडचा गालिचा टेबलावर असतो. फरशी उघडी, काळी-पांढरी. आपण तो उचलून जमिनीवर टाकतो कारण गालिचा तिथेच असतो असं आपल्याला वाटतं.

मोलिएरच्या 'तार्त्युफ'मध्ये नवरा टेबलाखाली लपून ढोंगी माणसाची लीला ऐकतो. हल्ली त्यासाठी टेबलाला मुद्दाम शिवलेलं लांब कापड लावतात आणि ते 'लपण्यासाठी लावलंय' हे पडदा उघडताच कळतं. जमिनीपर्यंत लोळणारा जड गालिचा त्या काळाला शोभतोच, शिवाय पहिल्या अंकापासून तिथे असेल तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

अवांतर: मोलिएर शेवटच्या प्रयोगात, १७ फेब्रुवारी १६७३ला, ज्या खुर्चीत बसला होता ती पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेजनं जपून ठेवली आहे. उंच पाठीची, भक्कम. आपण आजारी आहोत असं नुसतं मनानं घेतलेल्या माणसाला दिवसभर रुतून बसायला हवी तशी.

---

शंकासूर

सगळे युरोपच्या मधल्या चारशे वर्षांत अडकलेत. ग्रीक-रोमन नाटकाचं काय? तिथे तर चादर गुंडाळली की झालं.

---

तिसरी_घंटा

चादरच तर अवघड आहे! ग्रीक पोशाख कापून शिवलेला नसतो. आयताकृती कापड खांद्यावर टाचलेलं, कमरेला बांधलेलं, आणि सगळं सौंदर्य कापडाच्या पडण्यात. पातळ सिंथेटिक कापड हवेत उडतं, चुण्या पडत नाहीत. वजनदार लोकर किंवा जाड सूत घ्या, मग त्या उभ्या चुण्या आणि मागच्या खांबावरच्या उभ्या खोबणी यांचं नातं बघणाऱ्याला आपसूक दिसतं.

रोमन टोगा तर त्याहून गमतीचा. साधारण अर्धवर्तुळाकार, पाच-साडेपाच मीटर लांब. डाव्या खांद्यावरून जाणारा सगळा भार डावा हात सांभाळतो, मोकळा राहतो तो उजवा. टोगा घातलेला माणूस धावू शकत नाही, दोन्ही हात फैलावून बोलू शकत नाही. सिनेटर आणि सैनिक हा फरक संवादांआधीच दिसतो, फक्त नटाला तालमीत पहिल्या दिवसापासून तेवढ्याच लांबीचं जुनं कापड द्या. आणि मेजवानीला पुरुष डाव्या कोपरावर रेलून लोळतात, त्यासाठी बाक चालत नाही, उतरता पलंग लागतो.

वास्तूबद्दल एक धोक्याची सूचना. इटलीतल्या व्हिचेन्झाच्या तेआत्रो ओलिंपिको या नाट्यगृहात (१५८५ला सुरू झालं) कायमस्वरूपी बांधलेल्या रस्त्यांचा देखावा आहे. रस्ते मागे अरुंद आणि घरं बुटकी होत जातात, त्यामुळे लांबलचक भासतात. पण नट त्या रस्त्यात आत गेला की घरांच्या माड्यांपर्यंत पोचणारा राक्षस दिसतो. मागे लहान होत गेलेल्या, खोलीचा भास देणाऱ्या रंगवलेल्या खांबांपुढे सेना उभी करायची असेल तर मागची रांग कुठे थांबणार ते खडूनं आखून ठेवा.

---

पहिलाच_प्रयोग

बरेच दिवस नुसती वाचत होते, आता विचारतेच. आमच्याकडे साधनं बेताची आहेत. अठराव्या शतकातलं नाटक आहे, पूर्ण पोशाख प्रयोगाच्या आठवड्यातच मिळतील. तोवर तालीम कशात करायची? आणि दिग्दर्शकाला जिना हवाय, नायिका त्यावरून उतरते.

---

उसवलेली_टीप

कॉर्सेटऐवजी (कंबर आवळणाऱ्या ताठ चोळीऐवजी) तालमीत पाठीला ताठ ठेवणारं काहीही चालेल, रुंद पट्टा घट्ट बांधला तरी पुरे. कंबरेतून वाकता येत नाही हे शरीराला कळलं पाहिजे, मग खाली पडलेला रुमाल उचलायला गुडघ्यांतून बसणं आपोआप येतं. बाजूंना जुन्या उशा बांधा, वर जाड कापडाचा घागरा, लांबी खऱ्या झग्याएवढीच. आणि बूट आजच मिळवा! टाच बदलली की चाल बदलते, ते शेवटच्या आठवड्यात सावरत नाही.

पुरुषांनाही मोकळं सोडू नका. कोटाला मागे फाट आणि बाजूंना घेर असतो, कमरेला तलवार असेल तर बसताना ती डाव्या हातानं मागे सारावी लागते. तालमीत फूटपट्टीपेक्षा लांब काहीतरी कमरेला अडकवा, पहिले दोन दिवस सगळं फर्निचर पाडतील, मग शिकतील.

---

रंधा

जिन्याचं मी सांगतो. पायरी निदान फूटभर खोल आणि उंची पाच-सहा इंचच ठेवा. त्याहून उभा जिना केलात तर ती सगळा वेळ पायाकडे बघत उतरेल. पायरीची कड गोल करा, पुढे आलेली धार नको, कापड अडकतं. झग्याला मागे लोळ असेल तर उतरताना तो पाठीमागे छान पसरतो, चढताना झगा पुढून उचलावा लागतो आणि हात गुंततात. म्हणजे एंट्री जिन्यावरून ठेवा, एक्झिट खालच्या दारानं. कठडा तिच्या उजव्या हाताला हवा की डाव्या, ते पंखा कुठल्या हातात आहे ते विचारून मगच ठरवा. आणि दार किती रुंद केलंय तेवढं कळवा.

---

पहिलाच_प्रयोग

दार अडीच फुटी आहे. उद्या सुताराशी बोलते.